गोर्बी, आणि आईच्या पासबुकातली गाडी

सोव्हिएत संघाचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह गेल्याची बातमी आली ती ३० ऑगस्ट २०२२ च्या रात्री. तेव्हा मी लाइपझिगला, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीत, राहायचो, खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी. आजी एकदम कडक, प्लॅस्टिकच्या डब्यात चुकून कागद टाकला तर दुसऱ्या दिवशी तो कागद आपल्या दाराशी परत. त्या रात्री जिन्यात भेटल्या तर डोळे लाल झालेले. मला वाटलं घरातलं कोणी गेलं. म्हणाल्या, गोर्बी गेला. असं एकेरीत, जसा काही धाकटा भाऊच.

सकाळी ऑफिसात गेलो तर शेजारच्या टेबलावर मॉस्कोचा मित्र कॉफी ढवळत बसलेला. मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, वाईट झालं रे. त्याने मान वर न करताच सांगितलं, आमच्या घरी तो १९९१ लाच मेला.

एकाच माणसाबद्दल बारा तासांत ही दोन वाक्यं. तेव्हापासून डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. लांबलंय, आधीच सांगतो.

आपल्याकडे अशा वेळी एक म्हण तयार असते, पिकतं तिथं विकत नाही. त्या आठवड्यात ग्रुपवर तीन जणांनी तीच टाकली. रशियन लोकांना किंमत कळली नाही, जगाने ओळखलं वगैरे. मला ही म्हण इथे अजिबात पटत नाही. पीक परदेशात वाटलं गेलं आणि बियाण्याचे पैसे घरच्यांच्या खिशातून गेले असं असेल तर घरच्यांना किंमत कळली नाही असं कसं म्हणणार? त्यांनाच तर कळली, आकड्यासकट कळली.

आजींचं आधी सांगतो. ९ ऑक्टोबर १९८९, सोमवार. लाइपझिगमध्ये ७० हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले, त्यात आजी, नवरा आणि मुलगा. मुलाला न्यायचं की नाही यावर दुपारी दोघांचं भांडण झालं होतं, कारण चारच महिन्यांपूर्वी बीजिंगच्या तिआनानमेन चौकात निदर्शकांवर गोळ्या चालवल्या ते सगळ्यांना माहीत होतं आणि हॉस्पिटलांत रक्ताचा साठा वाढवलाय अशी गावभर चर्चा. शिवाय या भागातल्या माणसाला जुना हिशोब तोंडपाठ, १९५३ ला बर्लिनमध्ये सोव्हिएत टँक आले, १९५६ ला बुडापेस्टमध्ये आले, १९६८ ला प्रागमध्ये आले. पूर्व जर्मनीत तेव्हा सोव्हिएत सैनिक साडेतीन लाखांच्या आसपास. ते बराकीतच राहिले. स्थानिक पोलिसांनीही गोळी चालवली नाही. महिन्याभरात, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. आजींचं सगळं प्रेम त्या एका संध्याकाळचं आहे. काय केलं त्याने तुमच्यासाठी, असं मी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही केलं, तेच तर.

आता मित्राची आई. इंजिनियर, मॉस्कोतच नोकरी. नवराबायकोने वर्षानुवर्षं सेव्हिंग बँकेत पैसे टाकलेले, झिगुली गाडी घ्यायची म्हणून. ते पासबुक मित्राने मला फोटोत दाखवलंय, करड्या रंगाचं, कोपरे झिजलेले, आत जांभळ्या शाईत हाताने लिहिलेल्या एंट्र्या, दर महिन्याला एक, सुबक अक्षरात. शेवटची एंट्री १९९१ ची. १९९२ संपेपर्यंत त्या गाडीच्या पैशात एक जोडी हिवाळी बूट आले. ते बूट मित्रालाच घेतले होते, त्यामुळे तो गमतीत म्हणतो की मी गाडी पायात घालून शाळेत गेलो.

आणि हे एकदम नाही झालं, टप्प्याटप्प्याने झालं. आधी मे १९८५ ची दारूविरोधी मोहीम, दुकानं कमी, वेळ कमी, मोल्दोव्हा, जॉर्जिया, क्रिमियात द्राक्षांचे मळे उपटले. लोकांनी घरी गाळायला सुरुवात केली तर दुकानातली साखर गायब. सरकारचं उत्पन्न बुडालं, त्यात १९८६ ला तेलाचे भाव कोसळले. त्या काळातला जोक प्रसिद्ध आहे, व्होडकाच्या रांगेत उभा राहून वैतागलेला माणूस म्हणतो मी निघालो गोर्बाचेव्हला मारायला, तासाभराने परत येतो, काय झालं विचारलं तर म्हणतो, तिथली रांग याहून मोठी आहे. हा जोक गोर्बाचेव्ह स्वतः सांगायचे, परदेशात. तिकडे हशा पिकायचा. आईला तो जोक आवडत नाही.

मग जानेवारी १९९१. रात्री टीव्हीवर घोषणा, ५० आणि १०० रुबलच्या नोटा बाद, बदलायला तीन दिवस, त्यालाही मर्यादा. नोटाबंदी म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये सरकारनेच भाव दुप्पट-तिप्पट केले.

पण खरा दणका २ जानेवारी १९९२ चा, भाव मोकळे सोडले तेव्हाचा, आणि तो रशियाचे नवे अध्यक्ष येल्त्सिन आणि त्यांचे अर्थकारण बघणारे गायदार यांचा निर्णय. गोर्बाचेव्ह २५ डिसेंबर १९९१ लाच पायउतार झालेले, सोव्हिएत संघही संपलेला. आठ दिवसांचं अंतर. मी मित्राला हे मोठ्या उत्साहात सांगितलं, म्हटलं तुमचं बिल चुकीच्या पत्त्यावर जातंय. तो म्हणाला, बरोबर आहे, आता हे तू माझ्या आईला समजाव. मी काही समजावलं नाही, कारण ज्याने धरणाला भोक पाडलं त्याला, भिंत फुटली तेव्हा मी ड्युटीवर नव्हतो, असं म्हणता येतं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझं मत एवढंच की या माणसाची सगळ्यात मोठी कामं ही न केलेली कामं आहेत. टँक पाठवले नाहीत, खुर्ची वाचवायला देशभर रणगाडे फिरवले नाहीत. न घडलेल्या गोष्टीचं क्रेडिट त्यालाच कळतं ज्याच्यावर ती घडणार होती. आजींवर घडणार होती, त्यांना कळलं. आईला रांग दिसली, पासबुक दिसलं. दारूच्या मोहिमेचंच बघा ना, त्या दोन-तीन वर्षांत रशियन पुरुषांचं आयुर्मान चक्क वाढलं, १९८७ ला ते ६५ च्या जवळ होतं, १९९४ ला ५८ च्याही खाली घसरलं. म्हणजे कितीतरी माणसं त्या मोहिमेमुळे जगली, पण आपण मेलो असतो आणि मेलो नाही हे कोणाला कळतं? साखर मिळत नाही हे मात्र रोज कळतं.

बरं, ‘घर’ म्हणजे तरी कोणतं घर? लिथुआनियाच्या माणसाला विचारा, तेव्हा तोही सोव्हिएत संघातच होता. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री राजधानी विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत सैन्य घुसलं आणि १४ माणसं गेली. असंच जॉर्जियाच्या तिबिलिसीत एप्रिल १९८९, अझरबैजानच्या बाकूत जानेवारी १९९०, तिथे तर शंभराहून जास्त. गोर्बाचेव्हचा नोबेल शांतता पुरस्कार १९९० चा, म्हणजे विल्नियसच्या जस्ट आधी. २०२२ ला जग श्रद्धांजली वाहत असताना लिथुआनियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी उघड लिहिलं की आम्ही त्यांचं गुणगान करणार नाही. आजींना मी विल्नियसचं सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, हो, ते खरं आहे, आणि विषय बदलला. सांगायचा उद्देश, टँक पाठवले नाहीत हे माझंच वरचं वाक्य बर्लिन, प्राग आणि वॉर्सासाठी खरं आहे, विल्नियससाठी नाही.

मग मी कोणत्या बाजूला? मला तो फोनचा किस्सा विसरता येत नाही. डिसेंबर १९८६, सरकारवर टीका करणारे शास्त्रज्ञ सखारोव्ह गॉर्की शहरात जवळजवळ सात वर्षं नजरकैदेत, घरात फोनच नाही. एका रात्री अचानक माणसं येतात आणि फोन बसवून जातात. दुसऱ्या दिवशी त्यावर गोर्बाचेव्ह बोलतात, मॉस्कोला परत या म्हणून. आणि सखारोव्ह आभार मानून लगेच बाकीच्या राजकीय कैद्यांचा विषय काढतात! ज्या देशात असा फोन उलट दिशेने वाजायची सवय होती तिथे हे घडलं. हे मी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, हे मी कबूल करतो, आईपण करते, पण फोन सखारोव्हच्या घरी आला, आमच्या घरी नाही.

मित्राचा आणखी एक हिशोब आहे. जर्मनीने सोव्हिएत सैन्य माघारी न्यायला १२ अब्ज मार्क दिले, वर ३ अब्जांचं बिनव्याजी कर्ज. तरी परत गेलेल्या कित्येक अधिकाऱ्यांना राहायला घर नव्हतं. ‘नाटो’ पूर्वेला सरकणार नाही हे बोलणं १९९० मध्ये झालं म्हणतात, पण कागदावर काही घेतलं नाही, आणि १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक आत. मित्राचा सगळ्यात मोठा राग यावर आहे, की आमचा माणूस टाळ्यांवर भाळला, सही घ्यायची विसरला. सहीवरून आठवलं, राजीनाम्याच्या दिवशी त्यांचं स्वतःचं पेन चाललं नाही आणि सीएनएनच्या प्रमुखाचं पेन मागून सही केली. कादंबरीत कोणी असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

पुढचं सगळं तसंच. १९९६ ला अध्यक्षपदाला उभे राहिले, जेमतेम अर्धा टक्का मतं. प्रचारात ओम्स्कला एकाने त्यांच्यावर हात उचलला. ४,००० रुबल पेन्शन ठरली होती, महागाईत तिची किंमत महिन्याला दोन डॉलरच्या आसपास आली (आईला हे ऐकून थोडं बरं वाटलं होतं म्हणे). फाउंडेशनला पैसा हवा म्हणून १९९७ ला पिझ्झा हटची जाहिरात केली. यूट्यूबवर आहे, बघा जरूर. ते नातीबरोबर बसलेत आणि शेजारच्या टेबलावरचं कुटुंब त्यांच्यावरूनच भांडतंय, म्हातारा म्हणतो याच्यामुळे वाट लागली, तरुण म्हणतो याच्यामुळे संधी मिळाली. म्हणजे आमच्या ऑफिसातलं आणि जिन्यातलं भांडणच. फक्त ही जाहिरात रशियात दाखवलीच नाही.

३ सप्टेंबरला मॉस्कोत अंत्यदर्शन होतं. पूर्ण सरकारी इतमाम नाही, पुतिन आले नाहीत. पण लोक आले, हजारोंनी. दुपारी मित्राचा फोन वाजला, आईने फोटो पाठवलेला, हातात दोन कार्नेशन, मागे लांबलचक रांग. आयुष्यभर शिव्या घालणारी बाई! याने लगेच फोन लावला, आई, तू तिथे काय करतेयस?

ती म्हणाली, दोन तास झाले उभी आहे. रांगेची सवय त्यानेच लावली ना.