'पाऊस पडायलाय' म्हटलं तर काय चुकलं?

आमच्या लातूरकडं पाऊस 'पडायलाय'. अमरावतीला तो 'पडून राहिला'. पुण्यात 'पडतोय'. आणि पाठ्यपुस्तकात 'पडत आहे'. आता खिडकीशी उभं राहून 'आई, पाऊस पडत आहे' म्हणणारं लेकरू कुणी ऐकलंय का? मी तरी नाही. पुस्तकातली मराठी जशीच्या तशी कुणाच्याच घरात बोलत नाहीत, आणि त्यात काही वाईटही नाही. सिंधुदुर्गातल्या माणसाचा अर्ज गोंदियातल्या माणसाला न अडखळता वाचता यावा, यासाठी लिहायची एक सामाईक भाषा लागतेच. तिच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या गोष्टीशी. 'पडतोय' हेसुद्धा बोलण्यातलंच रूप. 'पडतो आहे' बोलता बोलता आखडलं आणि 'पडतोय' झालं. पण त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही, आणि 'पडायलाय' म्हटलं की लगेच गावंढळ! लिहिण्या-बोलण्यातलं अंतर सगळ्यांचंच आहे, त्यासाठी मान खाली घालायला लावतात ती मात्र ठरावीक जिल्ह्यांतल्या पोरांना. कॉलेजला शहरात आलो तेव्हा माझ्या 'करायलोय'वर वर्ग हसला होता. नंतर कितीतरी दिवस उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. आजही बाहेरगावाहून आलेली मुलं अशीच गप्प बसलेली दिसतात आणि पोटात तुटतं.

कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. ती चूक नव्हे, ते त्या बोलीचं व्याकरण आहे. तिथली आजी, आई, लेक सगळ्या तसंच बोलत आल्यात.

आणि ज्या 'शुद्ध' लेखनाच्या नावानं हे सगळं चालतं, ते तरी कुठं जागच्या जागी राहिलंय? पूर्वी 'पांच', 'नाहीं', 'घरांत' असं टिंब देऊन लिहीत. बोलताना ते टिंब बहुतेकांच्या तोंडून ऐकू येत नव्हतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनानं स्वीकारले, त्यात ही न उच्चारलेली टिंबं गेली. लेखनच बोलण्याच्या दिशेनं सरकलं. आज कुणी 'घरांत' लिहिलं तर ते अनेक घरांबद्दल आहे असं आपण वाचतो. जुन्या पिढीचं शुद्ध आज वहीत लाल रेघ खाईल. (सरकारी पत्रांतलं 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात येत आहे' मात्र कुणीच बोलत नसूनही जिथल्या तिथं आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

अडचण सगळ्यात जास्त येते ती 'न' आणि 'ण'ची. 'पानी', 'कोन', 'लोनी' म्हणणाऱ्या पोराला अजूनही वर्गासमोर उभं करून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. सर, मॅडम, कळकळीनं सांगतो, असं करू नका. त्याचं उत्तर बरोबर असेल तर आधी 'बरोबर' म्हणा, मग फळ्यावर 'पाणी' लिहून दाखवा. 'आणि'मधला 'णि' लिहायला ऱ्हस्व आहे, पण बोलताना बहुतेक सगळेच तो लांबवतात, पुण्यातली मुलंसुद्धा. तिथं आपण त्यांचं बोलणं सुधारत बसत नाही, 'लिहिताना ऱ्हस्व लिहा' एवढंच सांगतो आणि मुलं शिकतात. 'पानी' म्हणणारं पोरही तसंच शिकेल.