‘पार्ट वेगवेगळ्या शॉपमध्ये टाका’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची कमेंट पूर्ण वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ठासणीच्या जुन्या पिस्तुलासारखं पिस्तूल डिझाइन करणाऱ्या आपल्या इथल्या एका माणसाबद्दल मी लिहिलं होतं, की त्याने नागपूरजवळच्या हिंगण्यात मशीन शॉप शोधत फिरू नये, आधी मॉडेल करावं. त्यावर तुम्ही म्हणता की मी त्याचा उत्साह मारला, अमेरिकेत लोक घरी गॅरेजमध्ये बनवतात, रिव्हॉल्व्हरवाल्या सॅम्युअल कोल्टने कोणाची परवानगी घेतली होती, आणि नळी एका शॉपमध्ये, चाप दुसऱ्यात, घोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो भाग) तिसऱ्यात टाकला तर कोणाला काय कळतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्यात सरळसरळ धोका आहे आणि कोणी ते वाचून खरंच करेल याची मला भीती वाटते. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे ना, त्यात शस्त्राचे भागही येतात, आणि शस्त्र बनवायची मशिनरीसुद्धा येते. म्हणजे तीन शॉपमध्ये काम वाटलं तर काम लहान होत नाही, एकाऐवजी तीन शॉपवाले अडकतात, आणि तेही बिचाऱ्यांना माहीत नसताना. कलम 5 प्रमाणे लायसन्सशिवाय बनवणं, दुरुस्त करणं, टेस्ट करणंसुद्धा चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विना लायसन्स बनवण्याची शिक्षा कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ज्याने आयुष्यभर कर्ज फेडत एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) उभी केली त्या माणसाला तुम्ही यात ओढणार का? मला नाही पटत, आणि यात मी अजिबात माघार घेणार नाही.

आता अमेरिका. तिथली गोष्ट खरी आहे पण पूर्ण सांगा. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेली हत्यारं, आणि बंदुकीची काळी दारू वापरणारी तोंडाकडून भरायची नवी प्रतिकृतीसुद्धा, साधारणपणे ‘अँटिक’ धरली जाते म्हणून तिथे मोकळीक आहे, राज्याराज्यांचे नियम परत वेगळे. आपल्याकडे तसं नाही. जुन्या नमुन्याच्या हत्याराला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा हत्याराला. आपला माणूस जे बनवतोय ते चालणारं आहे, नवीन आहे, त्याला दिसायला जुनं असण्याचा काडीचा फायदा नाही. आणि समजा पिस्तूल झालं, तर त्यात भरायची दारू कुठून आणणार? तिच्यावर 1884 चा स्फोटक कायदा लागू, आणि तो राबवणाऱ्या पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

कोल्टचं उदाहरण तुम्ही दिलं ते मला फार आवडलं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. कोल्टने रिव्हॉल्व्हरचं पहिलं मॉडेल लाकडाचं कोरलं होतं असं सांगतात, समुद्रप्रवासात, पोरगा असताना. पुढे नमुने बनवून घेतले ते बंदुका बनवणाऱ्या कारागिरांकडून. 1836 मध्ये अमेरिकन पेटंट घेतलं, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना काढला, तो 1842 मध्ये बंद पडला. मग 1847 मध्ये सरकारची 1,000 पिस्तुलांची ऑर्डर आली तेव्हा याच्याकडे स्वतःचा कारखाना नव्हता. मग हा कुठे गेला? एली व्हिटनी ज्युनियरकडे, ज्याचा बाप 1798 पासून सरकारसाठी मस्केट बनवायच्या कंत्राटात होता. म्हणजे दिसेल त्या लोहाराकडे गेला नाही, जो आधीपासून उघडपणे त्याच धंद्यात होता त्याच्याकडे गेला. आणि एवढं करूनही त्या ऑर्डरच्या पिस्तुलांचे, त्यांना वॉकर म्हणतात, सिलिंडर फुटायचे, कारण धातू त्या दाबाला पुरत नव्हता. म्हणून तर प्रूफ टेस्ट असते, म्हणजे हत्यार दाब सहन करतं का ते आधी तपासायचं. तुमचा हिंगण्यातला टर्नर मायक्रॉनमध्ये माप काढून देईल, हात सोन्याचा आहे त्याचा, पण नळी हातात फुटणार नाही याची खात्री देणं हे त्याचं काम नाही आणि ते ठरवायची सोयही त्याच्याकडे नाही.

मी आपल्या त्या पिस्तूलवाल्या माणसासोबत एका ओळखीच्या शॉपमध्ये गेलो होतो. मालकाने ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, नळीच्या व्ह्यूवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “हे भोक आरपार आहे का?” हो म्हटल्यावर त्याने कागद घडी करून परत दिला, चहा मागवला, आणि मग अर्धा तास घोड्याच्या मेकॅनिझमवर बोलत बसला, हा खाचा इथे झिजेल, ही कड इतकी शार्प ठेवू नका, स्प्रिंगला टेंपर (तापवून आणलेली लवचिकता) नीट नाही बसला तर दोन दिवसांत मोडेल. एक पैसा न घेता. असा माणूस शोधायचा असतो भाऊ. जो काही न विचारता “करून देतो ना, ॲडव्हान्स टाका” म्हणतो त्याच्यापासून लांब राहायचं.

आपल्या माणसाचा शोध नेमका कशात आहे ते पण बघा ना. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या, पिस्तुलात घोडा अर्धा चढवून ठेवतात, आणि खाच झिजली की चाप न ओढता तो पडतो, ही शेकडो वर्षांची तक्रार आहे. याने तो अडवायला दुसरी एक कळ बसवली आहे. म्हणजे नवेपण सगळं घोड्याच्या भागात आहे, नळीत काहीच नाही! मग नळी कशाला पाहिजे आत्ता? म्हणून मी म्हटलं की तीनपट मोठं पितळी मॉडेल करा, लाकडी पाटीवर बसवलेलं, नळीच्या जागी नुसता भरीव लाकडी दांडा, भोक नाहीच. त्यात कळ कशी अडते ते कोणालाही लांबून दिसतं. असं काम कुठलंही शॉप हसत घेईल. लाकूड लकडगंजमध्ये मिळेल.

आणि हो, ड्रॉइंग चार ठिकाणी दाखवायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, पेटंट अर्ज टाकावा. एकट्या माणसाला ऑनलाइन 1,600 रुपये फी आहे, त्यानंतर 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा, त्यासाठी चालतं पिस्तूल जोडावं लागत नाही. बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, तिथे जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे. पुढे कळ पसंत पडली तर जम्मू किंवा मुंगेरकडच्या लायसन्सवाल्या बंदूक कारखान्यांशी बोलता येईल, त्यांच्याकडे बनवायचा परवाना असतो, मात्र त्यात पिस्तूल बसतं का ते आधी विचारायचं.

त्याचा उत्साह मेला म्हणता, तर सांगतो, पितळेची प्लेट कापून आली आहे आणि तो रोज मला फोटो पाठवतो. अडलंय फक्त मोठ्या पट्टीच्या स्प्रिंगवर. इतक्या जाड पट्टीला एकसारखं हार्डनिंग आणि टेंपरिंग करून देणारा, एका नगासाठी सुद्धा काम घेणारा कोणी बुटीबोरी किंवा हिंगण्यात माहीत असेल तर खाली नक्की लिहा, तुम्ही त्या लाइनमधले दिसता म्हणून मुद्दाम तुम्हाला विचारतो.