फोर्ड एका वाक्याने हरले म्हणे! आधी ती डिबेट पूर्ण बघा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक लांबलचक मेसेज टाकला, 'अमेरिकेतल्या टीव्ही डिबेटची पाच सत्यं', आणि वर 'जरूर वाचा, मुलांनाही वाचायला द्या'. असले मेसेज मी सोडून देतो. पण रात्री भाचीचा फोन आला, तिची सांगलीला वादविवाद स्पर्धा आहे आणि तिने तो मेसेज जसाच्या तसा भाषणात घातला होता. "मामा, ऐक ना" म्हणत तिने वाचून दाखवला आणि माझं डोकंच सणकलं. पोरगी उद्या परीक्षकांसमोर उभी राहून हे बोलणार!

मेसेजमधले पाच मुद्दे असे. एक, 1960 च्या अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये रेडिओ ऐकणाऱ्यांच्या मते निक्सन जिंकले आणि टीव्ही बघणाऱ्यांच्या मते केनेडी, आणि हे 'सर्व्हेत सिद्ध' झालंय. दोन, 1976 च्या डिबेटमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डना पोलंड कम्युनिस्ट आहे हेच माहीत नव्हतं, त्या एका वाक्याने खुर्ची गेली. तीन, 2012 मध्ये ओबामा म्हणाले की आता सैन्याला घोडे-संगिनी लागतच नाहीत. चार, प्रश्न आधीच फोडलेले असतात. पाच, परराष्ट्र धोरणाशी तिथल्या साध्या मतदाराला काही देणंघेणं नसतं.

क्रम सोडतो आणि फोर्डपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

6 ऑक्टोबर 1976, सॅन फ्रान्सिस्को, फोर्ड विरुद्ध त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर, विषय परराष्ट्र धोरण. मी भाचीला घरी बोलावलं आणि लॅपटॉपवर ती डिबेट लावली. न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल विचारतात की युरोपातल्या सीमा मान्य करणाऱ्या 1975 च्या हेलसिंकी करारावर सही करून आपण पूर्व युरोपावरचं रशियाचं वर्चस्व जवळजवळ मान्यच केलं ना? फोर्ड म्हणतात, करारावर 35 देशांच्या सह्या आहेत, त्यात व्हॅटिकन पण आहे, पोप महाराज असल्या गोष्टीला होकार देतील हे मला पटत नाही. आणि मग ते वाक्य: पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही आणि फोर्ड सरकार असेपर्यंत ते कधी असणारही नाही. फ्रँकेल 'सॉरी' म्हणत मध्येच थांबवतात आणि पुन्हा विचारतात, म्हणजे रशियन फौजा तिथे बसून तो भाग कम्युनिस्ट ठेवत नाहीत असं तुमचं म्हणणं आहे का? इथे भाचीने व्हिडिओ तीनदा मागे घेतला. माणसाला सावरायची चांगली संधी मिळाली होती, आणि फोर्ड एकेक नाव घेत सुटले, युगोस्लाव्हियाचे लोक स्वतःला सोव्हिएतच्या दबावाखाली समजत नाहीत, रुमानियाचे नाही, पोलंडचे नाही.

आता ही तीन नावं नीट बघा. युगोस्लाव्हिया तर वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातच नव्हता. रुमानिया करारात होता, पण 1958 नंतर तिथे सोव्हिएत फौज नव्हती आणि 1968 च्या चेकोस्लोव्हाकियावरच्या चढाईत त्यांनी भाग घेतला नव्हता. म्हणजे ताणून का होईना, दोन नावांसाठी काहीतरी बोलता येतं. पोलंडसाठी अजिबात नाही, तिथे सोव्हिएत सैन्य बसलेलं होतं. त्यामुळे फोर्ड चुकलेच, धडधडीत चुकले. पण 'माहीत नव्हतं'? अहो, आदल्याच वर्षी हा माणूस स्वतः पोलंड, रुमानिया आणि युगोस्लाव्हियाला जाऊन आला होता. आणि 1976 मध्येच परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचे सहकारी सोनेनफेल्ट यांच्या बोलण्यावरून गदारोळ झाला होता की अमेरिकेने पूर्व युरोप रशियाला देऊन टाकला. आम्ही ते वर्चस्व मान्य करत नाही, हे फोर्डना ठासून सांगायचं होतं. 'मान्य नाही' म्हणायचं ते 'नाहीच' म्हणून बसले. हा अडाणीपणा नाही, पाठ केलेली भूमिका चुकीच्या शब्दांत मांडणं आहे, आणि स्पर्धेत बोलणाऱ्या मुलीला हा फरक कळणं किती गरजेचं आहे!

आता 'त्या वाक्याने खुर्ची गेली'. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात त्या रात्री काही मतदारांच्या हातात डायल देऊन बसवलं होतं, आवडलं-नावडलं नोंदवायला. ते वाक्य आलं तेव्हा प्रतिक्रिया काही धाडकन खाली गेली नाही. लोकांचं मत फिरलं ते दुसऱ्या दिवशी, पेपर आणि टीव्हीने तेवढंच वाक्य उचलून धरल्यावर, आणि वर फोर्डनी चूक मान्य करायला जवळजवळ आठवडा घेतला. त्यानंतरही ते खचले नाहीत, उन्हाळ्यात तीस टक्क्यांहून जास्त मागे असलेला हा उमेदवार गॅलप संस्थेच्या शेवटच्या जनमत पाहणीत एका टक्क्याने पुढे होता! शेवटी राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांत कार्टर 297, फोर्ड 240. ओहायो राज्यात फरक अकरा हजारांच्या आसपास मतांचा. इतक्या थोडक्यात हरलेल्या निवडणुकीत कुठलंही एक कारण काढून दाखवता येतं, मग फोर्डनी वॉटरगेट प्रकरणात निक्सनना दिलेली माफी का नाही, महागाई-बेकारी का नाही?

पाचवा मुद्दा इथेच निकालात निघतो. कार्टर त्याच डिबेटमध्ये लगेच म्हणाले, फोर्डनी हे इथल्या पोलिश, चेक, हंगेरियन वंशाच्या अमेरिकनांना पटवून दाखवावं. शिकागो, मिलवॉकीसारख्या शहरांत पोलंडहून आलेल्यांची वस्तीच्या वस्ती आहे. ज्यांची सख्खी माणसं तिकडे अडकली होती त्यांना परराष्ट्र धोरणाशी देणंघेणं नव्हतं?

रेडिओची गोष्ट. तो 'सर्व्हे' म्हणजे सिंडलिंगर कंपनीची पाहणी, दोन हजारांवर लोक, त्यात रेडिओवर ऐकणारे फक्त 282, आणि ते देशभरच्या मतदारांचा नमुना म्हणून निवडलेले नव्हतेच. 1987 मध्ये दोन अभ्यासकांनी हे सगळं मांडून झालंय. बरं, थोडं मान्य करतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जुनी रेकॉर्डिंग्ज नव्या लोकांना दाखवली-ऐकवली तेव्हा बघणाऱ्यांचा कल खरंच केनेडींकडे जास्त होता. म्हणजे चेहऱ्याचा परिणाम होतो. पण '1960 मध्ये सिद्ध झालं' हे खोटंच.

ओबामांचं वाक्य अर्धवट आहे. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉमनी म्हणाले नौदलात 1917 नंतरची सर्वात कमी जहाजं आहेत, त्यावर ओबामा म्हणाले घोडे आणि संगिनीही *कमी* झाल्यात, कारण सैन्याचं स्वरूप बदललं. 'लागत नाहीत' कुठे म्हणाले? त्याच रात्री रॉमनी सीरियाला इराणचा समुद्राकडे जायचा रस्ता म्हणाले, इराणला स्वतःचा एवढा मोठा किनारा असताना, ते मात्र मेसेजमध्ये नाही.

प्रश्न फुटण्याचं म्हणाल तर 2016 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत फेरीत हिलरी क्लिंटन यांच्या टीमला प्रश्न आधी कळवले गेले होते, ते वाईटच. पण 2012 च्या परराष्ट्र धोरणाच्या डिबेटचे विषय सूत्रसंचालकांनी उघड जाहीर केले होते. विषय सांगणं म्हणजे पेपर फोडणं नव्हे.

भाचीने तो परिच्छेद काढलाय, त्याजागी फ्रँकेलचा दुसरा प्रश्न घेतलाय. या सगळ्या डिबेटचे शब्दन्‌शब्द उतारे फुकट मिळतात, तिने 1976 चा छापून घेतलाय. दाजी, तुम्ही पण वाचा, आणि तो मेसेज ज्यांना ज्यांना पाठवलाय त्यांना आजच कळवा, तिच्या वर्गातल्या पोरांनी पण तोच पाठ केलाय.