जरा सहज उभे राहा बघू

भावंडांचे ‘रिलॅक्स’ फोटो हवेत, ही मागणी आम्हा फोटोग्राफरांकडे नेहमी आईकडून येते. सोबत सूचनाही येते: मुलं अगदी नैसर्गिक दिसली पाहिजेत आणि दोघं पांढरा शर्ट, निळी जीन्स घालतील. सतरा वर्षांची ताई आणि चौदा वर्षांचा तिचा भाऊ एकसारख्या कपड्यांत नैसर्गिकरीत्या फक्त बँडपथकात दिसू शकतात. म्हणून कपड्यांचं मी आधीच सांगून टाकतो. रंग एकमेकांना शोभणारे घ्या, एकच नको. अगदी बारीक रेघांचा शर्ट नको, फोटोत त्या रेघा वळवळतात. झगझगीत पोपटी टीशर्ट तर मुळीच नको; त्याचा रंग हनुवटीवर चढतो आणि पोरगा कावीळ झाल्यासारखा दिसतो. खिशातला मोबाईल आईच्या पर्समध्ये. (हे शेवटचं वाक्य जरा लांब उभं राहून बोलावं.)

जागा म्हणून सगळ्यांना किनाराच हवा असतो. गोव्यात मिरामार घ्या नाहीतर मोरजी, समुद्र पश्चिमेला आणि संध्याकाळचा वाराही बहुतेक तिकडूनच. सूर्य पाठीशी ठेवून केसांना सोनेरी कड आणायची म्हटलं, की वारा तेच केस उचलून ताईच्या तोंडावर आणतो. ते केस सरळ करायला तिने तासभर घालवलेला असतो आणि भाऊ नेमका त्याच क्षणी मनापासून हसतो. तेव्हा दोघांना पाण्याच्या कडेकडेने चालवावं, म्हणजे वारा कुशीवर येतो. सूर्य बुडाला की मग तोंडं समुद्राकडे करावीत. पुढची पंधरा-वीस मिनिटं चेहऱ्यावर मऊ उजेड असतो, केसही आपसूक मागे जातात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सातच्या. जे घर ‘पाचला पोचतोच’ म्हणतं, त्याला चारची वेळ द्यावी.

एसी गाडीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर इथल्या दमट हवेत लगेच धुकं धरतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. बॅग न उघडता पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवावी. तेवढ्यात मुलांची ‘कंटाळा आला’ ही पहिली फेरी उरकून जाते.

पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती सुंदर आहेत, पण त्यांच्यामागे माणसं राहतात आणि फोटोवाल्यांना ती विटली आहेत. तशा पाट्याही लागल्या आहेत. मला विचाराल तर मावशीच्या जुन्या घराचं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, उत्तम. वर छप्पर, समोरून मोकळा उजेड, बसायला सोपो म्हणजे दगडी बाक आणि मुख्य म्हणजे पायऱ्या. धाकटा भाऊ ताईपेक्षा वीतभर उंच झालेला असतो, आणि त्या घरातला हा सर्वांत नाजूक विषय. ताईला एक पायरी वर बसवलं की प्रश्न मिटतो. दोघांचे डोळे वेगवेगळ्या उंचीवर असले की चित्रही बरं दिसतं. अंगणातली तांबडी माती मात्र उन्हात चेहऱ्यावर खालून लाली फेकते, आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उभं केलं तर हिरवट झाक येते. पांढरा चुना दिलेली भिंत समोर असेल तर चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर गाडीतच राहू द्या. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तो उघडणाऱ्याला मी नंतर तो परक्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेलात, शोधताना पाहिलं आहे.

लेन्स ८५ मिमीची. नवशिके ती एफ १.८ वर, म्हणजे आतलं भोक सताड उघडून ठेवतात, मागचं सगळं छान विरघळतं म्हणून. तीन मीटरवर त्यात स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १३ सेंटीमीटर असते. ताई पुढे असेल तर भाऊही विरघळतो, आणि ‘मुद्दाम केलंत’ असं तो पुढची दोन वर्षं म्हणत राहतो. भोक लहान करून एफ ४ ठेवलं की ३० सेंटीमीटर मिळतात. चालणारी, ढकलाढकली करणारी जोडी असेल तर शटर १/५०० सेकंद.

आता मुख्य दुखणं. ‘जवळ या, प्रेमाने बघा’ असं या वयाच्या भावंडांना कधीही सांगू नये. दोघंही दातदुखी सुरू झाल्यागत उभी राहतात. भांडण मागा, ते दोघांकडे तयार असतं. ‘जास्त आळशी कोण? एकदम बोट दाखवा.’ ‘पाठीला पाठ लावा, टाचा न उचलता.’ (ताई उचलतेच.) ‘तिचं आईला माहीत नसलेलं काहीतरी तिच्याच कानात सांग.’ यातलं पहिलं हसू दाताचं असतं, ते सोडून द्यावं. हसून झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात तो दुसरा सेकंद खरा, म्हणून बोट शटरवरून काढायचं नाही. हात कुठे ठेवायचे कळत नसेल तर अंगठा खिशात, बोटं बाहेर. दातांना तारा असतील तर तोंड मिटून हसायला सांगू नका. विसरून गेल्या की त्या आपोआप दिसतात आणि शोभतात.

हे सगळं आईबाबा तिथे नसताना. बाबा खांद्यामागे उभे राहून ‘इकडे बघ, इकडे!’ करतात आणि मुलांची नजर लेन्सऐवजी बाबांच्या टकलावर जाते. त्यांना रस ऑम्लेटच्या (रश्शात बुडवलेल्या ऑम्लेटच्या) गाड्यावर पाठवावं. गर्दी असेल तर देवच पावला.

शेवटी चाळीस फोटो द्यावेत, चारशे नव्हेत. निवड एकाच्या हाती सोपवू नये. ताई निवडते त्या प्रत्येक फोटोत भावाचे डोळे मिटलेले असतात. आणि निघण्याआधी एक फोटो चुन्याच्या भिंतीशी, एफ ८ वर, दोघं सरळ उभी, कॉलर नीट, नजर कॅमेऱ्यात, असा काढून ठेवावा. हॉलमध्ये १२ बाय १८ इंचांच्या चौकटीत तोच लागतो. आजी तोच निवडते.