घोड्याच्या साजाला चिंच-मीठ लावू नका

परवा रात्री काटोलकडच्या मामेभावाचा फोन आला. "दादा, मेटल डिटेक्टर घेतो, अर्धे पैसे टाकतोस का?" त्याच्या धुऱ्याला लागून एक शिळावर्तुळ आहे, म्हणजे प्राचीन दफनाभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजने त्याचं डोकं फिरवलंय. मेसेज असा: स्कॉटलंडमध्ये एकाने मशीन फिरवून ३,००० वर्षांपूर्वीचा घोड्याचा साज काढला, विकला, कोट्यधीश झाला. विदर्भातल्या वर्तुळांतही तोच माल आहे. आपल्या शेतातलं ते आपलंच. चिंच-मीठ लावून चकचकीत करा, दुप्पट भाव येईल.

स्कॉटलंडचं आधी. २०२० मध्ये पीबल्सजवळ साज सापडला, हे खरं. पण त्या माणसाने तो उपसला नाही, खणणं थांबवून कळवलं. तज्ज्ञांनी तो मातीच्या ढेकळासकट एडिंबराला नेला. तिथे अशी वस्तू राजसत्तेच्या मालकीची असते. शोधणाऱ्याला बक्षीस मिळतं, वस्तू विकता येत नाही.

चिंच-मीठ वाचून तर संताप आला. अरे, तो देवघरातला तांब्या नाही! साजाच्या धातूवरचा हिरवा थर म्हणजे तांब्याचे क्षार; त्यांच्यामुळे धातूला चिकटलेलं चामडं, लाकूड कुजण्यापासून वाचतं. पीबल्सला चामड्याचे पट्टे टिकले होते, म्हणून साज कसा बांधला होता हे कळू शकलं. चिंचेच्या आंबटाने तो हिरवा थर गेला की हा पुरावाही गेला. आणि मिठातलं क्लोराइड पुढे वर्षानुवर्षं धातू पोखरत राहतं. चकाकी चार दिवसांची, नंतर हातात हिरवी भुकटी.

विदर्भात घोड्याचा साज सापडतो, हे मात्र मान्य करावं लागेल. नागपूरजवळच्या माहूरझरीला १९७०-७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात घोड्यांचे अवशेष, तांब्याची मुखाभूषणं आणि लोखंडी लगाम मिळाले. पण मुखाभूषणाचा तो पातळ पत्रा घोड्याच्या तोंडावरचा होता हे समजलं, कारण तो घोड्याच्या हाडांसोबत होता. एकटा उपसून काढला असता तर भंगारवाल्यालाही ओळखू आला नसता.

"आपलंच" म्हणणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदा वाचावा. दहा रुपयांवरची पुरलेली वस्तू सापडली की कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. शोधणाऱ्याला वाटा मिळू शकतो, इतकं त्या मेसेजमध्ये खरं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं तर संरक्षित स्मारक आहेत, तिथे मशीन नेऊच नका.

भावाला सांगितलंय: नांगराला काही लागलंच तर तिथेच थांब, हात न लावता फोटो काढ, कलेक्टर कचेरीत लेखी दे आणि पोच घे.