क्वेट्झलला घाई चालत नाही
कोस्टा रिकाच्या पक्षी-सहलीवरचा एक लेख वाचला. त्यात किनारा आणि डोंगर मिळून पक्ष्यांच्या ‘किती जाती बघून झाल्या’ यावरच भर आहे, ते जरा खटकलं. किनाऱ्यावर तार्कोलेस नदीच्या मुखाशी लाल मकाव पोपट जोडीजोडीनं कर्कश ओरडत जातात. ते बघायला गाईड कशाला? गाईडची खरी कसोटी वर डोंगरात, सान हेरार्दो दे दोता गावाच्या थंडीत. तिथे बघायचा होता क्वेट्झल, लांब हिरव्या शेपटीचा डोंगरी पक्षी. आमचा गाईड तर पक्षी शोधतच नव्हता, रानटी अवोकाडोचं फळलेलं झाड शोधत होता! क्वेट्झल ते फळ अख्खं गिळतो आणि बी नंतर ओकून टाकतो. पाऊण तास थांबलो, बोटं गारठली. मग टप्पकन एक बी खाली पडली आणि वर पानांत हिरवी शेपूट हलली. आणि हो, किनाऱ्यावरच्या कपड्यांनिशी वर जाऊ नका, स्वेटर हवाच.