कुब्जा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी इराकमधल्या मोसुलच्या अल-नूरी मशिदीचा व्हिडिओ टाकला. नव्याने उभी राहिलेली, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं तीच. खाली एका काकांचा शेरा: 'उडवली तेव्हा बरं झालं होतं, एक कमी.' त्यावर अकरा हसणाऱ्या इमोजी. मोजल्या मी. त्यातले दोघं गणपतीत आमच्याकडे जेवून गेलेत.

तिथे गप्प बसले. इथे लिहितेय, कारण तुम्हाला अगदी ग म भ न पासून समजवावं लागणार नाही.

२०१० साली आमच्या वरच्या खोलीत मोसुलचा एक मुलगा भाड्याने राहायचा. पुण्यात तेव्हा इराकी विद्यार्थी पुष्कळ. पहिलं भाडं देताना त्याने आईच्या हातावर दहा हजार दिनारची नोटही ठेवली, आठवण म्हणून. पुढच्या बाजूला इब्न अल-हैथम, प्रकाशाचा अभ्यास करणारा. बाबा फिजिक्सचे मास्तर, ते तिथेच अडकले. आईने नोट उलटली. मागे याच मशिदीचा मिनार, कमरेतून वाकलेला. मुलगा म्हणाला, आम्ही याला हदबा म्हणतो, म्हणजे कुबड आलेली. आई म्हणाली, "अगंबाई, ही तर कुब्जाच!" आणि हिंदी-मराठीच्या खिचडीत त्याला कृष्णाची अख्खी गोष्ट ऐकवली. गोष्ट त्याच्याकडेही होती: पैगंबर वरून जाताना मिनार अदबीने झुकला, तो परत सरळ झालाच नाही. त्याचे ख्रिस्ती शेजारी म्हणायचे, छे, तो मेरीला नमस्कार करतोय. आई खूश. ती नोट त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या ताटात गेली, अजून जाते.

आता 'बरं झालं'वाल्यांनो. उडवली कुणी, माहीत आहे? नूरुद्दीन झंगी या राज्यकर्त्याने ११७२च्या सुमारास बांधलेली ही मशीद २१ जून २०१७च्या रात्री आयसिसने उडवली. जुलै २०१४ मध्ये त्यांच्या म्होरक्याने, बगदादीने, खलिफा म्हणून खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) दिला तो इथेच, आणि उडवली तेव्हा इराकी सैन्य अगदी गल्लीपर्यंत आलं होतं. वर आळ अमेरिकन विमानांवर. ज्यांच्या नावाने तुम्ही रोज बोटं मोडता, त्यांच्याच कामाला टाळ्या वाजवताय. लाज कशी वाटत नाही?

बरं, पाडणारेही धर्माचंच नाव घेत होते, मान्य. आपल्याकडची देवळं फुटली, तेही मान्य. मग?

तो मुलगा शिक्षण संपवून परत गेला होता. मोसुल आयसिसच्या हाती पडल्यापासून तीन वर्षं त्याचा काही पत्ता नव्हता. आम्ही मनातल्या मनात काय ते समजून घेतलं होतं. मिनार पडल्यावर काही दिवसांनी मेसेज आला: "खालाला सांगा, कुब्जा गेली." स्वतःच्या घराबद्दल एक अक्षर नाही. आईने नोट काढली, पदराने पुसली, परत ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही. परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या मिनारासाठी.

जुन्या शहरात माणसांच्या घरांचा ढिगारा असताना मशिदीवर एवढा खर्च का, हा प्रश्न मलाही टोचतो. पैसा संयुक्त अरब अमिरातीचा, देखरेख युनेस्कोची. त्याच कामात शेजारची दोन चर्चही उभी राहिली, हे त्या व्हिडिओत कुणी सांगितलं नाही. २०२४ मध्ये तर मशिदीच्या भिंतीत लपवलेले पाच बॉम्ब सापडले. त्याच भिंतीच्या आसपास माणसं कित्येक वर्षं राडारोडा उपसत होती, विटा वेचत होती.

दुपारी भीतभीतच मोसुलच्या त्या मुलाला विचारलं, नवा मिनार सरळ बांधलाय की काय?

"वेडी आहेस का ताई? सरळ बांधला असता तर लोकांनी इंजिनियरला घरी जाऊ दिलं नसतं."

होता तसाच वाकडा आहे. निघतील तेवढ्या जुन्या विटा वापरून.

हे ऐकायला आई नाही. नोटेची घडी नेमकी मिनाराच्या कमरेवर पडलीय, तिथे कागद फाटत आला होता. आज चिकटपट्टी लावली. काकांना दिवाळीच्या फराळाला बोलवायचं की नाही, अजून ठरत नाहीये.